डोंगराचं अंग ओळखा, पाण्याची वाट ओळखा



आपल्या वसई तालुक्यात पाऊस कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही. वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. असं असूनही डोंगराकडच्या कित्येक पाड्यांवर होळीनंतर विहिरीचा तळ दिसू लागतो. उलट जुलैत हेच पाणी एखाद्याचा बांध फोडतं आणि नुकतंच लावलेलं आवण वाहून नेतं.

गंमत अशी की पाऊस तोच आणि डोंगरही तोच, पण शेजारी-शेजारी शेत असलेल्या दोघांचा अनुभव वेगळा. एकाचा बांध दरसाल फुटतो. दुसऱ्याच्या खाचरात पाणी टिकत नाही. तिसऱ्याच्या विहिरीला मात्र मे महिन्यातही दोन हंडे जास्त मिळतात. आपण त्याला नशीब म्हणतो. खरं कारण बहुतेक वेळा त्या जागच्या उताराच्या आकारात असतं. हा आकार ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर कुठे कोणतं काम करायचं, ते या पत्रकात सांगितलं आहे.

आपला डोंगर कसा बनला आहे?

तुंगारेश्वर, कामणदुर्ग आणि विरारचा जीवदानीचा डोंगर हे सगळे काळ्या बेसाल्ट खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि थंड झाले. त्यांतले काही थर घट्ट आहेत, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. घट्ट थराचा उभा कडा होतो. ठिसूळ थर झिजून त्याचा मुरुम होतो आणि तिथे उतार सौम्य राहतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात.

सच्छिद्र थरात मुरलेलं पाणी खाली घट्ट थर लागला की अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या अंगातून झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. पाड्यावरचा जुना झरा जिथे आहे तिथे अशीच दोन थरांची सांध असण्याचा संभव जास्त.

घराच्या छपरावरून समजून घ्या

डोंगरावरचं पाणी समजायला कौलारू घराचं छप्पर पुरेसं आहे. आढ्यावर पडलेला पाऊस दोन बाजूंना वाटला जातो. पाखावरचं पाणी सरळ खाली येतं आणि वळचणीला सारख्या धारांनी पडतं. दोन पाखं जिथे आत मिळतात तिथल्या पन्हळीत मात्र दोन्हीकडचं पाणी एकत्र येतं आणि एकच जाड धार पडते. घर गळतं तेही बहुधा तिथेच.

डोंगराचीही अशीच तीन अंगं आहेत.

१. सोंड : डोंगराचा बाहेर आलेला, फुगीर भाग. इथे पाणी फाकतं, दोन्ही बाजूंना निघून जातं. माती पातळ राहते, मुरुम उघडा पडतो आणि गवत लवकर पिवळं होतं.

२. सरळ अंग : पाखासारखा सलग उतार. पाणी सारखं पसरून खाली येतं. इथली माती एकदम वाहून जात नाही, पण दरसाल वरची साल सोलल्यासारखी निघते. म्हणून हिला सालकाढी धूप म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, हाच तिचा धोका.

३. बेचकं : दोन सोंडांमधला आत गेलेला, खोलगट भाग. चहूकडचं पाणी इथे गोळा होतं. माती खोल असते आणि ओल जास्त दिवस राहते. ओहळ इथूनच सुरू होतो, घळ इथेच पडते आणि दरडही बरेचदा इथूनच सुटते.

उसगाव आणि पेल्हारची धरणं, विरारचं पापडखिंड धरण बघा. पाणी जिथे आपणहून गोळा होतं अशीच जागा धरणाला निवडली जाते.

माथा, मधला उतार आणि पायथा

आता उतार वरून खाली बघा. माथ्याकडे तो पालथ्या वाटीसारखा असतो, म्हणजे खाली येताना उतार वाढत जातो. त्यामुळे पाण्याचा वेगही वाढतो आणि ते माती उचलू लागतं. मधला भाग बहुधा सरळ व तीव्र असतो. तिथे पाणी उचललेली माती घेऊन धावतं. पायथ्याशी उतार सुपासारखा आत वळून सौम्य होतो. तिथे वेग कमी पडतो आणि पाणी ओझं खाली टाकतं. आपली चांगली भातजमीन म्हणजे डोंगराने शेकडो वर्षे खाली टाकलेलं हेच ओझं.

वेगाचा एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. उतार चौपट झाला की पाण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. वेग दुप्पट झाला की माती कापण्याची ताकद चौपट होते आणि माती वाहून नेण्याची ताकद सुमारे बत्तीस पट होते. याचा अर्थ उलटाही घ्यावा. पाण्याचा वेग निम्म्यावर आणला तरी मातीचं नुकसान कितीतरी कमी होतं. पाणी पुरतं थांबवलंच पाहिजे असं नाही. धावणारं पाणी चालायला लावलं तरी पुष्कळ झालं.

किती पाणी येतं, त्याचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरावर पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी झालं. आपल्याकडे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. त्या दिवशी एका हेक्टरावर १० लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं मुरलं असं धरलं तरी ५ लाख लिटर उतारावरून वाहतं.

समजा, हा एक हेक्टर सरळ अंगाचा आहे, १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. खालच्या कडेच्या प्रत्येक मीटरवर त्या दिवशी ५,००० लिटर पाणी येईल. आता तेवढाच एक हेक्टर बेचक्याचा आहे आणि त्याचं तोंड ५ मीटर रुंद आहे असं धरा. तिथे प्रत्येक मीटरवर १ लाख लिटर पाणी येतं. पाऊस तेवढाच, क्षेत्र तेवढंच, पण पाणी वीसपट! बेचक्याच्या तोंडाशी असलेला बांध दरसाल का फुटतो, याचं उत्तर या हिशेबात आहे. तो बांध वीतभर उंच करून भागत नाही. त्याला पाणी जायची पक्की वाट लागते.

जमिनीच्या आतलं पाणी

कित्येकांची अशी समजूत असते की पाऊस जोराचा असेल तरच पाणी वाहतं. कोकणात गोष्ट थोडी वेगळी आहे. जूनमधल्या पहिल्या सरी तापलेली, भेगाळलेली जमीन पिऊन टाकते. पुढे मातीच्या आतून पाणी हळूहळू उताराच्या दिशेने सरकतं आणि बेचक्यात व पायथ्याशी जमा होतं. जुलैपर्यंत या जागा तुडुंब भरतात. पाय टाकला की पचपच आवाज येतो. अशा जमिनीवर मग साधी सर आली तरी तिचं पाणी मुरायला जागाच नसते. ते जसंच्या तसं वाहून जातं. पावसाळा चढत जातो तसा हा भिजलेला पट्टा पसरत वर-वर सरकतो. म्हणून जूनमध्ये ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ओहळाला जेमतेम पाणी येतं, आणि जुलैअखेर तेवढ्याच पावसात साकव बुडतो.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला, पाणी मुरवायचं काम वरच्या अंगाला करावं, कारण तिथे जागा रिकामी असते. पायथ्याच्या भिजल्या जमिनीत जुलैमध्ये आणखी काय मुरणार? दुसरा, वरच्या अंगाला मुरलेलं पाणी जमिनीच्या आतून फार हळू खाली येतं. तेच दिवाळीनंतर झऱ्याला आणि विहिरीला मिळतं. आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच. ते चार तासांत जावं की चार महिन्यांत, एवढंच आपल्या हातात आहे.

आपली जमीन कोणत्या अंगाची, हे ओळखण्याची रीत

डोळ्यांनी अंदाज चुकतो. त्यासाठी बिनखर्चाचं साधन घरी करता येतं. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधाव्यात आणि खाली त्यांच्यात सुमारे दोन मीटर अंतर ठेवावं. मध्ये आडवी पट्टी ठोकावी. वरच्या टोकाला दोरीने दगड ओळंब्यासारखा टांगावा. दोन्ही पाय टेकून दोरी पट्टीला जिथे लागते तिथे खूण करावी. मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण केली की साधन तयार झालं. दोरी मधल्या खुणेवर आली म्हणजे दोन्ही पाय एका पातळीत आहेत.

हे साधन उतारावर आडवं चालवत न्यावं आणि प्रत्येक पावलाला फक्की टाकावी. जी पांढरी रेघ उमटेल ती समपातळी रेषा. आता ती रेघ खालून बघा.

– रेघ डोंगराकडे आत वळली असेल तर ते बेचकं.
– रेघ आपल्याकडे बाहेर आली असेल तर ती सोंड.
– रेघ सरळ गेली असेल तर ते सरळ अंग.

उतार मोजायचा असेल तर १० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकून पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघावी. १० मीटरमध्ये १ मीटर फरक आला तर उतार १० टक्के झाला.

कुठे कोणतं काम करावं?

सोंडेवर : माती पातळ असते, म्हणून नांगर घालू नये. काजू, करवंद, बांबू यांसारखी झाडं लावावीत. प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राच्या आकाराचा छोटा बांध घालावा. पालापाचोळा जाळू नये, तो झाडाच्या बुडाशी पसरावा.

सरळ अंगावर : इथे समपातळीत चर खोदावेत. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. निघालेली माती खालच्या बाजूला टाकावी आणि तिच्यावर वाळा किंवा गवत लावावं. वरकस जमिनीत नागली-वरी करत असाल तर पेरणी आणि नांगरट उताराला आडवी करावी. वाळ्याची ओळ दाट झाली की तिच्यामागे माती साचून आपोआप पायरी तयार होते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार ही गावं पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेली आहेत. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही मोहीमही आपण सर्वांनी ऐकली आहे. ती शिकवण खरी आहे, पण तिकडचा पाऊस आपल्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. दोन चरांत १० मीटर अंतर असेल आणि ३० मिलिमीटरची सर आली, तर निम्मं पाणी मुरल्यावर चराच्या प्रत्येक मीटरला १५० लिटर पाणी येतं. ते १८० लिटरच्या चरात मावतं. आपल्या १०० मिलिमीटरच्या दिवशी तिथे ५०० लिटर येणार! चर भरून फुटला तर एकाखाली एक सगळे चर फुटत जातात आणि नवी घळ पडते. म्हणून आपल्याकडे चर सलग लांब न काढता तुकड्या-तुकड्यांनी, वर-खाली आड येतील असे काढावेत. जादा पाण्याला बाजूच्या गवताळ, घट्ट जागेतून उतरायला वाट ठेवावी.

बेचक्यात : इथे चर खोदू नयेत आणि माती उकरू नये. ओहळात अनघड दगडांचे छोटे बांध वरून खालपर्यंत घालत यावेत. बांधाचा मध्य दोन्ही टोकांपेक्षा खोलगट ठेवावा, म्हणजे पाणी मधून उतरतं आणि काठ कापत नाही. टोकं काठात चांगली घुसवावीत. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यावा. ओहळाचा उतार १० टक्के आणि बांध १ मीटर उंच असेल तर अंतर १० मीटर येतं. कामाची सुरुवात नेहमी वरून करावी. वरचं सोडून खाली मोठा बांध घातला तर तो एका पावसाळ्यात गाळाने भरतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, ओहळ वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. भाजीच्या वाफ्याला व गुरांना त्याचं पाणी होतं.

पायथ्याशी : डोंगर संपतो आणि खाचर सुरू होतं त्या सांध्यावर पाणी वळवणारा चर असावा. त्याला अगदी सौम्य उतार देऊन तो ओहळात सोडावा. खाचरांची निवडही उतार बघून करावी. वरच्या, लवकर निथळणाऱ्या खाचरांत हळवे भात, मधल्यांत निमगरवे आणि तळच्या पाणथळ खाचरांत गरवे भात घ्यावे. आपले वाडवडील हेच करत आले आहेत. विहिरीसाठी जागा बघायची तर सोंडेच्या टोकापेक्षा बेचक्याच्या खालची जागा बहुधा बरी ठरते. खोदण्याआधी भूजल सर्वेक्षणाचा सल्ला मात्र जरूर घ्यावा.

दरडीचा धोका हसण्यावारी नेऊ नका

बेचक्यात वर्षानुवर्षे माती साठत असते. सलग पावसात ती पाणी पिऊन जड होते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने खडकावरची तिची पकड सुटते. मग सगळा थर एकदम खाली येतो. पायथा कापला असेल तर हे काम सोपं होतं, कारण पायथ्याची माती ही वरच्या उताराला दिलेला टेकू असतो. टेकू काढल्यावर भिंत किती दिवस उभी राहणार?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या वर माणसं दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी या वस्त्यांवर तीच वेळ आली. आपल्या वसईतही १३ जुलै २०२२ रोजी राजावली भागातल्या वाघरालपाड्यात दरड घरावर कोसळून दोन जीव गेले. ही सगळी जुलैची, भिजल्या डोंगराची गोष्ट आहे.

म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

– उतारावर आडवी, नवी भेग पडणे.
– झाडं, खांब किंवा कुंपण खालच्या बाजूला कलणे.
– झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणे, एकदम वाढणे किंवा बंद पडणे.
– घराच्या भिंतीला नवीन तडे जाणे, दारं-खिडक्या अडकू लागणे.

यांपैकी एकही खूण मोठ्या पावसात दिसली तर सामान आवरत बसू नये. माणसं आणि गुरं घेऊन आधी बाजूला, शक्य तर सोंडेकडच्या घट्ट जागेवर जावं. ओहळाच्या वाटेने खाली पळू नये. मग ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाला कळवावं.

मुरुमासाठी पायथा विकताना आणि पोराच्या नव्या घराला जागा बघतानाही हाच विचार करावा. मुरुमाचे पैसे एकदाच मिळतात. कापलेला पायथा मात्र दर पावसाळ्यात आपल्या उशाशी राहतो. बेचक्याच्या तोंडाशी जमीन सपाट व सोयीची दिसते, पण ती सपाट झाली आहे ती वरून आलेल्या मातीनेच, हे विसरू नये.

वरचं आणि खालचं गाव एकाच पाण्याचं

तुंगारेश्वराच्या पश्चिम अंगाचं पाणी खालच्या सखल पट्ट्यात उतरतं. त्याच्या पलीकडे किनाऱ्यालगतची वाड्यांची रेताड जमीन किंचित उंच आहे. त्यामुळे हे पाणी थेट समुद्राला जात नाही. खाड्यांतून ते उत्तरेला वैतरणेकडे किंवा दक्षिणेला वसईच्या खाडीकडे जातं. उधाणाच्या भरतीला खाडी तुंबते आणि पाणी खाजणात व मिठागरांत पसरतं. जुलै २०१८ च्या पावसात मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली होती आणि नालासोपाऱ्याला रेल्वेही थांबली होती. वरचं पाणी धावत येतं आणि खाली पसरायच्या जागेवर भराव पडतो, तेव्हा दोन्हीकडून कोंडी होते.

पश्चिमेच्या वाडीवाल्यांनी यावर पूर्वीच उपाय केला होता, तो म्हणजे बावखल. वाडीतला हा खोलगट खड्डा पावसाचं पाणी धरतो, आजूबाजूच्या विहिरींना गोडं पाणी पुरवतो आणि खारं पाणी लांब ठेवायला मदत करतो. केळीला आणि पानवेलीला याच पाण्याचा आधार. ज्यांचं बावखल शिल्लक आहे त्यांनी ते बुजवू नये. त्यातला गाळ उन्हाळ्यात काढून वाडीत टाकावा.

या वर्षी काय करावं?

१. उन्हाळ्यात दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून उतारावर फक्की टाकून सोंड, सरळ अंग आणि बेचकं ओळखून घ्यावं. एकट्याने केलेलं काम वरच्या शेजाऱ्याच्या पाण्याने फुकट जातं.

२. मे महिन्यात दगडी बांध आणि चर पुरे करावेत. वरची जमीन वनखात्याची असल्यास परवानगीशिवाय एक कुदळही मारू नये. तुंगारेश्वराचं जंगल २००३ पासून अभयारण्य आहे. गावातर्फे वन विभागाकडे अर्ज करावा.

३. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसाबरोबर चराच्या बांधावर वाळा आणि गवत लावावं.

४. जुलैत दर मोठ्या पावसानंतर एक फेरी मारावी. चर कुठे फुटला, पाणी कुठून घुसलं, ते बघून लगेच दुरुस्ती करावी.

५. ऑक्टोबरमध्ये वनराई बंधारा घालावा. मार्चमध्ये विहिरीची पातळी दोरीने मोजून वहीत लिहून ठेवावी. दोन-तीन वर्षांची नोंद झाली की आपल्या कामाचा हिशेब आपल्यालाच कळेल.

ही कामं शासकीय योजनेत बसतात का, याची चौकशी पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी कार्यालयात करावी. समपातळी रेषा आखायला मदत हवी असेल तर गावातल्या पाच-सहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कळवावं, म्हणजे एकाच दिवशी सगळ्यांच्या उतारावर काम दाखवता येईल.

– कृषी विस्तार अधिकारी